हमिंगबर्डचा काचेचा फीडर: एप्रिल ते ऑक्टोबर वापरल्यानंतरचा अनुभव

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मागच्या डेकचे दार उघडले, तेव्हा काचेच्या फीडरखालच्या, म्हणजे पक्ष्यांना पिण्यासाठी साखरेचे पाणी भरून टांगलेल्या बाटलीखालच्या, लाकडी फळ्यांवर ताटाएवढा चिकट डाग पडलेला होता, त्यावर मुंग्यांची रांग लागली होती आणि फीडरच्या प्लॅस्टिकच्या चारही फुलांवर पिवळ्या पट्ट्यांच्या गांधीलमाश्या बसल्या होत्या. सकाळी अर्धी भरून टांगलेली बाटली जवळजवळ रिकामी झाली होती. ज्या हमिंगबर्डसाठी, म्हणजे हवेत थांबून फुलांतला मकरंद पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यासाठी, हे सारे मांडले होते तो दोन हातांवर येऊन हवेत थांबला, गांधीलमाश्या पाहून मागे सरला आणि न पिताच निघून गेला. त्या दिवशी मी विक्रेत्या कंपनीला पहिले पत्र लिहिले. सहा महिन्यांच्या वापराचा हा वृत्तान्त मुख्यतः त्या गळतीचा आहे, कारण या प्रकारच्या फीडरमध्ये गळती हाच सर्वांत मोठा दोष आहे आणि खरेदीच्या वेळी त्याबद्दल कोणीही काही सांगत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे उन्हाळ्यात एकच जात नेमाने येते, ती म्हणजे लाल गळ्याचा रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. एप्रिलच्या उत्तरार्धात आधी नर येतात, मागोमाग माद्या येतात, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक सगळे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे परततात. म्हणून मी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात 34 डॉलर देऊन जाड काचेची, सुमारे 700 मिलिलिटरची, उलटी टांगायची बाटली घेतली. तळाला लाल रंगाची बशी, तिच्यावर प्लॅस्टिकची चार फुले आणि मधे रबरी वायसर अशी तिची रचना होती. खोक्यावर ‘गळत नाही’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. पहिला नर 29 एप्रिलला आला आणि त्या आठवड्यात मी या फीडरची सर्वांकडे मनापासून स्तुती केली. मे महिन्यात हवा थंड असेपर्यंत तो खरोखरच गळला नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

खोक्यात पाण्यात मिसळायच्या लाल रंगाची पुडीही आली होती, ती मी वापरली नाही. लाल रंगाने पक्षी आकर्षित होतो हे खरे असले तरी त्यासाठी फीडरचा लाल भाग पुरेसा असतो, पाणी लाल करण्याची काहीही गरज नसते, आणि स्वतःच्या वजनाइतके किंवा त्याहून अधिक पाणी दिवसभरात पिणाऱ्या प्राण्याच्या पोटात विनाकारण रंग घालणे मला योग्य वाटत नाही. फुलातला मकरंद तरी कुठे लाल असतो?

साखरेच्या पाण्याचे प्रमाण बहुतेकांना ठाऊक आहे: एक वाटी साधी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी. मे महिन्यात माझ्या सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी पातेल्यात डोकावून म्हटले, “अगं, एवढ्या पाण्याला एवढीच साखर? हे तर पाणचट सरबत झालं. आणि साखरेपेक्षा गूळ घाल, गूळ पौष्टिक.” त्यांचा प्रश्न रास्त होता आणि उत्तर शोधताना मलाही पुष्कळ शिकायला मिळाले. या प्रमाणाने केलेल्या पाण्यात वजनाने 18 टक्क्यांच्या आसपास साखर असते, आणि हमिंगबर्ड ज्या फुलांवर जातात त्यांच्या मकरंदात ती साधारण 20 ते 25 टक्के असते, म्हणजे हे सरबत फुलांच्या बरेच जवळ जाते. मकरंदातली साखर मुख्यत्वे सुक्रोज असते आणि आपली पांढरी साखर म्हणजे सुक्रोजच. गुळात आणि तपकिरी साखरेत लोह असते, ते माणसाला हितकारक असले तरी या पक्ष्याला घातक ठरू शकते. मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते. बिनसाखरेच्या गोड गोळ्यांमध्ये तर ऊर्जाच नसते, आणि दर तासाला कित्येकदा खावे लागणाऱ्या जिवाला ते देणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे आहे. मी हे सगळे आईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग माप मीच करत जाते, तुझी वाटी शिगोशीग असते.” तेव्हापासून पाणी त्याच करतात आणि मापात कधी चूक झालेली नाही.

जून महिन्यात मला पहिली शंका आली, आणि ती चुकीची होती. मे अखेरपर्यंत दिवसातून कितीतरी वेळा येणारी मादी जूनमध्ये अगदी क्वचित दिसू लागली. बाटलीत काही दोष असेल, पाणी आंबत असेल किंवा काचेला वास येत असेल असे वाटून मी ती दोनदा व्हिनेगरने धुतली. कारण निराळेच होते. हमिंगबर्ड केवळ मकरंदावर जगत नाही. मकरंद हे त्याचे इंधन आहे, पण प्रथिने, मेद आणि क्षार यांच्यासाठी तो चिलटे, मावा, फळमाश्या आणि लहान कोळी पकडून खातो. पिल्ले वाढवताना मादीला सतत कीटक मिळवावे लागतात, कारण नुसत्या गोड पाण्यावर पिल्लाची हाडे आणि पिसे वाढत नाहीत. नर या कामात काहीच मदत करत नाही. घरट्यासाठीही तिला कोळ्याच्या जाळ्याचा धागा लागतो. त्याच्यामुळे घरटे फांदीला चिकटते आणि पिल्ले वाढतील तसे ताणले जाते. आम्ही दर उन्हाळ्यात डेकच्या कठड्यावरची जाळी झाडूने काढत असू, ती यंदा काढली नाहीत. आईंनी केळ्याच्या साली कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून कोपऱ्यात टांगल्या, त्यावर दोन दिवसांत फळमाश्या जमल्या आणि मादी त्या पिशवीभोवती हवेतल्या हवेत माश्या टिपताना आम्ही दोघींनी अनेकदा पाहिली. फीडरपेक्षा त्या सालींचा उपयोग जूनमध्ये तिला जास्त झाला असावा, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्यासाठी एक पैसाही खर्च आला नाही.

आता गळतीकडे येते. पहिल्या पत्राला उत्तर म्हणून कंपनीने नवा वायसर पाठवला. तो बसवल्यावर चार दिवस ढगाळ हवा होती आणि थेंबही पडला नाही, त्यामुळे प्रश्न सुटला असे समजून मी आभाराचे पत्रही पाठवले. पाचव्या दिवशी ऊन पडले आणि दुपारपर्यंत पुन्हा डाग पडला. दुसऱ्या पत्राला उत्तर आले की फीडर सावलीत टांगावा. आमच्या डेकवर दुपारी एकपर्यंत ऊन असते आणि एकच मोठे झाड आहे, तरी मी त्याच्या फांदीला फीडर लावून पाहिला. गळती कमी झाली, थांबली मात्र नाही. तिसऱ्या पत्राला उत्तर आले की परत घेण्याची तीस दिवसांची मुदत संपली आहे. मुदत मे महिन्यातच संपली होती आणि हा दोष ऊन तापल्याशिवाय दिसत नाही, म्हणजे दोष कळण्याआधीच मुदत संपणार हे या वस्तूच्या बाबतीत ठरलेलेच आहे, असे मी त्यांना लिहिले. त्याला मुद्द्याचे उत्तर आले नाही.

त्यानंतर मी बाटलीवर मार्करने रेघा ओढल्या, खाली पसरट थाळी ठेवली आणि आठ दिवस नोंद केली. उन्हात अर्धी बाटली, उन्हात पूर्ण बाटली, सावलीत अर्धी, सावलीत पूर्ण, असे आलटून पालटून ठेवले. सर्वांत जास्त गळती उन्हातल्या अर्ध्या बाटलीतून झाली आणि सर्वांत कमी सावलीतल्या पूर्ण बाटलीतून. मग कारण लक्षात आले. उलट्या बाटलीतले पाणी खाली पडत नाही, कारण वर अडकलेल्या हवेचा दाब कमी असतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत रोखून धरते. ऊन लागले की आतली हवा तापून प्रसरण पावते आणि पाण्याला फुलांच्या छिद्रांतून बाहेर ढकलते. बाटली जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त आणि तितकी गळती जास्त. यात वायसरचा काही संबंध नाही. जगातला सर्वोत्तम वायसर बसवला तरी छिद्रे उघडीच राहणार, कारण ती पक्ष्याला पिण्यासाठीच ठेवलेली असतात. मी महिनाभर वायसरला दोष दिला तो चुकीचा होता. मात्र ‘गळत नाही’ असे छापणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवे होते, आणि तक्रार आल्यावर वायसर पाठवून वेळ काढणे मला पटत नाही.

चौथ्या पत्राला त्यांनी जे उत्तर दिले ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते: बाटली नेहमी काठोकाठ भरून ठेवावी. पण या सल्ल्याचा हिशेब पाहावा. रुबी-थ्रोटेड हमिंगबर्डचे वजन तीन ते चार ग्रॅम असते. तो दिवसाला वजनाच्या दुप्पट पाणी पितो असे धरले तरी ते सात-आठ मिलिलिटर होते. आमच्याकडे चार पक्षी येतात असे मानून तीन दिवसांचे फार तर शंभर मिलिलिटर लागतात. उन्हाळ्यात हे पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावेच लागते आणि तापमान 32 अंशांच्या वर गेले तर रोज बदलणे बरे, नाहीतर ते आंबते, ढगाळते आणि फुलांच्या छिद्रांत काळी बुरशी धरते. म्हणजे दर वेळी 700 मिलिलिटर भरायचे आणि त्यातले 600 सिंकमध्ये ओतायचे. एका भरण्याला साधारण 130 ग्रॅम साखर जाते. महिन्यात दहा वेळा म्हटले तरी सव्वा किलोहून जास्त साखर होते आणि त्यातली बहुतेक वाया जाते. आमच्या घरात चहाच्या भांड्यात उरलेली साखर विसळून पिण्याची रीत आहे. असे सरबत ओतून देणे मला जमणार नाही आणि कोणी तसे करावे असे मी सांगणारही नाही.

स्वच्छतेचा मुद्दाही याच बाटलीशी जोडलेला आहे. गळा अरुंद असल्यामुळे हात आत जात नाही, ब्रश खांद्याच्या वळणापर्यंत पोहोचत नाही. आईंनी मूठभर तांदूळ आणि गरम पाणी घालून बाटली खळखळवण्याची जुनी युक्ती दाखवली आणि काच लख्ख झाली, पण प्लॅस्टिकच्या फुलांच्या आतला भाग तसाच राहिला. त्यासाठी वेगळा बारीक ब्रश आणावा लागला.

जुलैच्या शेवटी मी 18 डॉलरचा बशीच्या आकाराचा फीडर घेतला. यात पाणी खाली आणि छिद्रे वर झाकणात असतात, उलटी बाटली नसते. दुकानात पाहिला तेव्हा तो मला अजिबात आवडला नव्हता. पाणी छिद्रांपासून एवढे खाली असताना पक्षी ते ओढून घेणार कसे, असे वाटले होते, कारण हमिंगबर्ड नळीने शहाळ्याचे पाणी प्यावे तसा मकरंद ओढतो अशी माझी समजूत होती. ती समजूत चुकीची आहे. त्याची जीभ चोचीच्या पुढे बरीच लांब जाते आणि टोकाशी दुभंगलेली असते. दोन्ही टोकांना झालरीसारखे बारीक पापुद्रे असतात. अशी जीभ केशाकर्षणाने, म्हणजे बारीक नळीत द्रव आपोआप वर चढतो तसा, मकरंद वर चढवते असे 1833 पासून मानले जात होते. 2011 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपून दाखवले की जीभ मकरंदात शिरताच ते पापुद्रे उलगडतात आणि बाहेर येताना मिटून मकरंद आत पकडतात. हे चाटणे सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा होते. याचा फीडरच्या निवडीशी थेट संबंध आहे, कारण ज्याला पाणी चाटून घेता येते त्याला छिद्राच्या तोंडाशी थेंब येऊन लटकण्याची गरज नसते. तो लटकणारा थेंब मुंग्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या सोयीचा असतो.

बशी टांगल्यावर पहिले दोन दिवस कोणी आले नाही आणि मी निराश झाले. तिसऱ्या दिवशी मी काचेची बाटली उतरवली आणि बशी त्याच आकड्यावर टांगली. दहा मिनिटांत मादी आली आणि काठावर बसून प्यायली. या पक्ष्यांना जागा अतिशय नेमकी लक्षात राहते, त्यामुळे फीडर बदलताना जागा बदलू नये, हे मी अनुभवाने सांगते. बसायला काठ असणे हाही मोठा लाभ आहे. हवेत थांबून राहण्यासाठी त्याला सेकंदाला सुमारे पन्नास वेळा पंख हलवावे लागतात आणि त्यात पुष्कळ ऊर्जा जाते. काठ मिळाला की तो बसून शांतपणे पितो, आणि आपल्यालाही त्याची जीभ झाकणाखाली ये-जा करताना दिसते. गांधीलमाश्यांची तोंडे पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून त्या आठवड्याभरात येईनाशा झाल्या. मुंग्यांसाठी मधोमध पाण्याचा छोटा खड्डा आहे. तो पाहून आई म्हणाल्या, “आमच्या दुधाच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, तेच आहे हे.” अगदी तेच आहे, आणि तितकेच उपयोगीही आहे, फक्त उन्हाळ्यात तो खड्डा दोन दिवसांत सुकतो, त्याकडे लक्ष ठेवावे लागते.

ऑगस्टमध्ये एका नराने टोमॅटोच्या आधारासाठी रोवलेल्या काठीच्या टोकावर ठाण मांडले आणि तो दुसऱ्या कोणाला फीडरजवळ फिरकू देईना. प्रकाश नीट पडला की त्याचा गळा माणकासारखा पेटायचा आणि मान वळवली की काळा दिसायचा, कारण तो रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येतो. फुलांनी भरलेल्या जागेची राखण करणे ही त्याची मूळ सवय आहे आणि न आटणारा फीडर त्याच्या दृष्टीने कधीच न कोमेजणारे झुडूप आहे. यावर मोठा फीडर घेणे हा उपाय नाही. मी तसलीच दुसरी बशी घराच्या पुढच्या बाजूला टांगली, जिथून त्याला पहिली दिसत नाही. दोन्हींची किंमत 36 डॉलर झाली, म्हणजे त्या एका बाटलीपेक्षा फक्त दोन डॉलर जास्त, आणि माद्यांना व नवीन पिल्लांना प्यायला मिळू लागले. हाच निर्णय एप्रिलमध्ये घेतला असता तर 34 डॉलर वाचले असते, याची मला अजून हळहळ वाटते.

सप्टेंबरमध्ये पाण्याचा खप अचानक वाढला. स्थलांतरापूर्वी हा पक्षी चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतो, कारण यांच्यातले कितीतरी पक्षी मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे 800 किलोमीटर न थांबता उडून जातात. आमच्या शेजारच्या एका बाईंनी मला सांगितले की फीडर लवकर काढून टाकावा, नाहीतर पक्षी इथेच रेंगाळून थंडीत मरतील. हा समज सर्वत्र आढळतो आणि तो बरोबर नाही. परतीची वेळ दिवस लहान होण्यावर ठरते, फीडरवर ठरत नाही. उलट उत्तरेकडून उशिरा निघालेल्या पक्ष्याला वाटेत त्याचा आधार होतो. आमच्याकडे शेवटचा पक्षी 3 ऑक्टोबरला दिसला, आणि मी दोन्ही बश्या आणखी दोन आठवडे भरून ठेवल्या.

भारतातल्या दोन नातेवाइकांनी असा फीडर घेऊन ये असे कळवले होते, त्यांनाही हेच सांगितले की हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. साताऱ्याच्या अंगणात जास्वंदीवर येतो तो शिंजीर, तो वेगळ्या कुळातला आहे आणि तो बहुधा फांदीवर बसून मकरंद पितो. त्याच्यासाठी जास्वंदच लावावी. इथेही पुढच्या वर्षी मी फीडर वाढवणार नाही. डेकच्या कडेला ट्रम्पेट हनीसकलचा वेल, बी बाम आणि ओलसर कोपऱ्यात कार्डिनल फ्लॉवर लावणार आहे, कारण ही इथलीच झाडे आहेत आणि त्यांच्यावर मकरंदाबरोबर कीटकही मिळतात.

काचेच्या बाटलीला मी पाचपैकी दीड गुण देते. अर्धा गुण काचेचा, कारण ती जाड आणि चांगली आहे, आणि एक गुण थंड हवेतल्या पाच आठवड्यांचा. गरम प्रदेशात राहणाऱ्यांनी ती घेऊच नये. बशीला साडेचार देते. अर्धा गुण कमी केला तो झाकणासाठी: ते इतके घट्ट बसते की आईंच्या संधिवाताच्या बोटांनी निघत नाही, आणि ज्या सहा महिने रोज मापून पाणी करत होत्या त्यांना ते ओतण्यासाठी दर वेळी मला हाक मारावी लागत असे. झाकणाला नखाएवढी कड वर काढली असती तरी चालले असते. हे मी त्या दुसऱ्या कंपनीलाही लिहिले आहे आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहत आहे.